चित्र येईपर्यंत गोड बोलेन

मी एवढंच ठरवलं होतं, की काही दिवस ह्यांना टाकून बोलायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं. लग्न न झालेल्यांना तर फारच सोपं वाटेल. पण मी नेमधर्माची बाई आहे, आणि नेम म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मुलीच्या परीक्षेसाठी मी साखर सोडली होती. ती पास झाली, माझं वजन मात्र तसूभरही उतरलं नाही. देवानं दोनपैकी एकच अर्ज मंजूर केला. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी मी वर्षभर खुर्चीवर बसले नाही. त्यांचा गुडघा बरा झाला आणि माझा तेव्हापासून दुखतो. (देवाकडे गुडघ्यांचा साठा मोजकाच असावा.)

नेमाचे नियम दोनच. सोडायची ती गोष्ट जिवापाड आवडती हवी, आणि कुणाला सांगायचं नाही. आता साखर, खुर्ची, दुपारची झोप, टीव्हीवरची मालिका हे सगळं आधीच्या कामांत देऊन झालं होतं. माझ्या आवडीची म्हणून एकच गोष्ट शिल्लक होती, आणि ती म्हणजे ह्यांना बोलणं.

झालं असं, की हे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून बत्तीस वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाला इतरांना घड्याळ मिळतं. ह्यांना मागच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर मिळाला, कारण ती खोली रिकामी करायची होती. पण ह्यांचे डोळे भरून आले. त्या कॉम्प्युटरवर ह्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. गावातल्या सगळ्या पाइपांचा नकाशा, आणि कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी बंद करायचा ते. उघडा तो निळा, बंद तो लाल. एकोणीस वर्षं गावाला ह्यांच्या त्या नकाशावर पाणी मिळालं. मग नवी यंत्रणा आली आणि कॉम्प्युटर मागच्या खोलीत गेला.

"तू कधी बघितलाच नाहीस ना," हे म्हणाले. "थांब, दाखवतो."

मी ओल्या हातानं तशीच बाहेर आले. ह्यांनी बटण दाबलं. मॉनिटरमधून आधी बारीक शीळ आली, मग 'फट्' असा आवाज, आणि मग सडक्या माशांचा वास. कॉम्प्युटर आत घुरघुरत होता, म्हणजे जिवंत होता. पण त्याचं तोंड गेलं होतं.

त्यानंतर हे तीन आठवडे भिंतीकडे बघत बसले.

"अहो, जेवायचं ना?"

"हं."

"की थोड्या वेळानं?"

"हं."

"की मी आणि मुलगी जेवून घेऊ आणि तुम्हाला कुणाला तरी देऊन टाकू?"

"हं."

आमची मुलगी औषधाच्या दुकानात काम करते, त्यामुळे तिला सगळ्यावर उपाय ठाऊक असतो. तिनं तिच्या खोलीतला चपटा मॉनिटर आणला आणि कुठून तरी वायर आणून जोडला. त्यावर अक्षरं आली : सिग्नल नाही. हे पुन्हा भिंतीकडे वळले. भिंतीवर निदान तेवढंही लिहिलेलं नव्हतं.

मग मी शॉकमामांना बोलावलं. टीव्ही दुरुस्त करणारे गावात आता तेवढे एकच उरलेत. तरुणपणी त्यांनी एकदा उघड्या पिक्चर ट्यूबला हात लावला होता, आणि त्यांचे केस अजून ते विसरलेले नाहीत. त्यांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, असं आहे. हा जुना कॉम्प्युटर सेकंदाला पंधरा हजार ओळी काढतो. नव्या पडद्याला निदान तीस हजार लागतात. हा बोलतोय, पण नव्या पडद्याला वाटतं कुणी बोलतच नाहीये."

"मग आता?"

"त्याच्या वयाचा मॉनिटर हवा. काचेच्या ट्यूबचा, रंगीत, आणि पंधरा हजारवाला. मिळणं कठीण. मिळालाच तर टिकवणं त्याहून कठीण. आतले कपॅसिटर सुकतात, ट्यूब म्हातारी होते."

'मिळालाच तर' हे ऐकून हे भिंतीपासून दोन इंच वळले. तीन आठवड्यांतली ती पहिली हालचाल. मी त्याच संध्याकाळी देवापुढे बसले आणि म्हटलं, देवा, ह्या कॉम्प्युटरवर नीट रंगीत चित्र येईपर्यंत मी ह्यांना एक अक्षर टाकून बोलणार नाही. जे करतील त्याला छान म्हणेन. तू ह्यांना मॉनिटर दे.

चार दिवसांत पहिला मॉनिटर आला. कुठल्याशा तिकीटघरातला होता. चित्र आलं, पण नुसतं हिरवं. शिवाय वर्षानुवर्षं एकच पाटी दाखवून ती काचेत जळून बसली होती. बंद असतानाही वाचता यायची : कृपया पुढील खिडकीवर जावे.

तो ह्यांनी माझ्या शिवणाच्या टेबलावर ठेवला, शिवणाच्या कापडावर, कापडात टाचण्या असताना. आणि माझ्याकडे बघितलं.

"छान आहे," मी म्हटलं.

ह्यांनी कान खाजवला. "टेबल तुझं आहे."

"असू दे की."

"टाचण्या होत्या बहुतेक."

"त्याही असू देत," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला कपाळ टेकवलं.

दुसरा आला दुसऱ्या महिन्यात. बंद पडलेल्या एका टीव्ही स्टुडिओतला, छत्तीस किलोंचा. त्याला मागं वायरी जोडायची इतकी भोकं होती, की शॉकमामा हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "असा नग आता बघायला मिळत नाही." त्यांनी दोन दिवस बसून आतले सुकलेले कपॅसिटर बदलले. तिसऱ्या दिवशी सकाळी चित्र येणार होतं.

आता माझ्याकडे प्रार्थना म्हणणारी एक छोटी पेटी आहे. बटण दाबलं, की दिवसभर म्हणत राहते. हात कामात असले की बरं पडतं. मला वाटलं, एवढं मोठं काम आहे, थोडं पुण्य जवळ असू दे. मी पेटी मॉनिटरच्या मागं, अगदी अंगाला लावून ठेवली आणि आवाज बारीक केला.

चित्र आलं. आणि चित्राच्या एका कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग. गावाच्या त्या भागात पाइप फुटून काहीतरी भयंकर वाहत होतं. हे खचले. मी मनात म्हटलं, देवाची परीक्षा आहे, आणि पेटी आणखी मधोमध सरकवली. डागही मधोमध आला. मी आवाज वाढवला. शॉकमामा आतल्या स्क्रूंशी तासभर झगडत होते, ते थबकले.

"वहिनी, ह्या मॉनिटरमध्ये गातंय कोण?"

पेटी निघाली. शॉकमामांनी ती उलटी केली. "ह्यात स्पीकर आहे. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. ट्यूबजवळ लोहचुंबक आणलं की रंग फिसकटतात. तुम्ही जितकी प्रार्थना जवळ आणाल तितकं चित्र बिघडेल."

इतकी वर्षं मी देवाच्या जवळ जायचा प्रयत्न करते आहे. असं काही निघेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

शॉकमामांनी एक मोठी तारेची कडी पडद्यासमोर गोल गोल फिरवली. (माझ्यावरून उतरवून टाकली असती तरी मी तक्रार केली नसती.) डाग फिका होत गेला. "उद्यापर्यंत बघू," म्हणाले, "आज ट्यूब तापलीय," आणि चहा घेऊन गेले. हे खुर्चीवरून माझ्याकडे बघत होते. दोन दिवसांची मेहनत मी एका पेटीनं बुडवायला निघाले होते. ह्यांनी मला बोलावं म्हणून मी खाली मान घालून उभी होते. ह्यांनी नुसता कान खाजवला. जणू तेही कशाची तरी वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातून आले, तर मॉनिटरवर माझी चांगली रेशमी चादर. हवा खेळावी म्हणून तिला कात्रीनं भोकं पाडलेली.

"झालं का हो चित्र?"

"नाही," हे म्हणाले. "निळा म्हणावा तसा निळा येत नाही." मग चादरीकडे बोट दाखवलं. "भोकं पाडली."

माझ्या जिभेवर तेव्हा काय काय आलं ते देवच जाणे, आणि त्यानं ते कुणाला सांगू नये. पण माझ्याच पेटीनं निळा रंग कायमचा मारला होता. कुठल्या तोंडानं बोलणार?

"छान पाडलीत," मी म्हटलं. "सगळी सारखी आलीत."

आणि नेम आणखी कडक केला.

त्यानंतर घरात मॉनिटर येत गेले. एक सोनोग्राफीच्या मशीनचा होता. त्यावर गावाचा नकाशा लावला तरी बघणाऱ्याला वाटायचं, अभिनंदन करावं. एक पहारेकऱ्याच्या केबिनमधला. त्यात चार चौकोन होते आणि चारही चौकोनांत काहीच घडत नव्हतं. एक व्हिडिओ गेमच्या दुकानातला, आडवा ठेवला की चित्र उभं. एक लाकडी कपाटातला जुना टीव्ही, दारं उघडायची आणि आत बघायचं. त्यात चित्र कधी आलं नाही, पण माझे टॉवेल छान बसायचे.

मॉनिटर आणणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. बंद ठेवले तर आतून सुकतात, म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येकाला तासभर चालू ठेवायचं. ते वेळापत्रक मी कॅलेंडरवर लिहिलं. ओलं फडकं लावायचं नाही. कोरडं लावलं, की काच धूळ सोडते ती माझ्या अंगावर, आणि हाताला चट्दिशी चटका. दोन शेजारी ठेवले की एकमेकांचं चित्र थरथरवतात, म्हणून लांब लांब ठेवायचे. लांब लांब म्हणजे एक हॉलमध्ये, एक माझ्या पलंगाच्या बाजूला, एक न्हाणीघराबाहेर, एक ओट्यावर गॅसपासून हातभर.

प्रत्येक वेळी हे मॉनिटर ठेवायचे, दोन पावलं मागं यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे.

"ओट्यावर ठेवतोय," हे म्हणाले.

"ठेवा ना."

"म्हणजे तुला भाजी चिरायला जागा नाही."

"मांडीवर चिरेन."

"मांडीवर?"

"सवय होईल."

ह्यांचा चेहरा उतरायचा. मला वाटायचं, मॉनिटर मनासारखा नाही म्हणून.

पाचव्या महिन्यात मुलीनं माझं रक्त तपासायला नेलं.

"आई, तुला काहीतरी झालंय."

"मला काय होतंय?"

"काल बाबांनी फ्रिजची पिन काढून तिथं मॉनिटर लावला. आपलं सगळं दूध नासलं. तू म्हणालीस, पनीर होईल."

"झालं नाही का?"

"आई, तू आजीला मिठावरून चार दिवस बोलत होतीस. आणि ते तुझंच मीठ होतं."

रक्तात काही निघालं नाही. मुलीनं तरी खात्री म्हणून दोन टॉनिकं आणली. मी ती मुकाट्यानं घेतली, तर तिचा संशय आणखी वाढला.

माझ्या मनाला मात्र एक मोठी आशा होती. हे आता भिंतीकडे बघत नव्हते. सकाळी उठून दाढी करायचे, पायात चपला घालून मॉनिटर शोधायला जायचे, भंगारवाल्याशी वाद घालायचे. अर्धं मागणं देवानं दिलंच होतं. राहिलं होतं ते चित्र. रोज देवासमोर मी हिशेब न करता एवढंच म्हणायची, तो निळा रंग तेवढा दे बाबा. (आणि जमलं तर मला गिळायला थोडं कमी दे, आता घशापर्यंत आलंय.)

आठव्या महिन्यात एका दुपारी ह्यांनी खालून हाक मारली. "अगं, जरा हात लावतेस?"

अकरावा मॉनिटर होता. कापडात गुंडाळलेला. हे वरच्या बाजूला, मी खालच्या. आमचा जिना अरुंद, तीन मजले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कापड सरकलं, आणि माझ्या नाकासमोर, अर्ध्या हातावर, काचेत जळलेली अक्षरं आली.

कृपया पुढील खिडकीवर जावे.

"अहो," मी म्हटलं.

"काय?"

"हा तर पहिला."

"कुठला पहिला?"

"तिकीटघरातला. हा तुम्ही तिसऱ्या महिन्यात भंगारवाल्याला दिलात. मी ह्याच हातांनी खाली नेला."

"हो," हे म्हणाले. "परत आणला."

"का?"

"असाच."

आता मी देवाची क्षमा मागून सांगते, की त्या 'असाच'नं माझा नेम मोडला. तो मोडतोय हे मला दिसत होतं, पण दोन्ही हात मॉनिटरखाली होते. तोंडावर ठेवायला एकही मोकळा नव्हता.

मी सुरुवात टाचण्यांपासून केली. तिथून चादरीवर गेले, चादरीवरून दुधावर, दुधावरून माझ्या मांडीवर झालेल्या भाजीच्या डागांवर. मग म्हटलं, निवृत्त लोक बागेत फिरतात, पेपर वाचतात, निदान आजारी पडतात, तुम्ही घराचं तिकीटघर केलंत. झोपेत कूस वळले की सोनोग्राफी आडवी येते. पाहुणे आले की कुठल्या मॉनिटरवर बसू विचारतात. मग मागचं निघालं, त्याच्या मागचं निघालं, ह्यांच्या काकांनी लग्नात काय म्हटलं होतं तेही निघालं. पहिल्या मजल्यावरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या, स्टूल घेऊन आल्या आणि बसल्या. माझा आवाज जिन्यात वर जाऊन परत येत होता. प्रत्येक वाक्य दोनदा लागत होतं.

आणि हे, मॉनिटरच्या पलीकडे, हळूहळू हसत होते. टिंगलीचं नाही. गावाला गेलेलं माणूस परत आल्यावर दार उघडताना हसतात तसं.

मी दमून थांबले तेव्हा म्हणाले, "संपलं?"

मी मान हलवली.

"मग हा इथंच ठेव. वर चल."

घरात आल्यावर ह्यांनी दुसऱ्या मॉनिटरवरची माझी भोकांची चादर ओढून काढली, छत्तीस किलोवाल्याचं बटण दाबलं. बारीक शीळ, मग उजेड, आणि मग नकाशा. आख्खं गाव. काळ्यावर निळ्या रेघा, इतक्या निळ्या, की मी हात पुढं केला. कुठं डाग नाही, कुठं थरथर नाही. बारीक लाल ठिपके माणकांसारखे.

"कधी लागला?" मी विचारलं. माझ्या आवाजाला तोवर खरखर आली होती.

"दुसऱ्या महिन्यात. तू बाजारात होतीस तेव्हा."

"निळा येत नाही म्हणालात."

"तुला दाखवणारच होतो," हे खुर्चीत बसले. "पण आधी ती चादर दाखवली. तू म्हणालीस, भोकं छान पाडलीत. म्हटलं, हिला आपलं काही वाटेनासं झालंय. नकाशा दाखवला तरी म्हणेल छान आहे. तेवढं ऐकायला मी छत्तीस किलो तीन मजले चढवले नव्हते. म्हटलं, आधी हिला बोलती करू."

"म्हणजे बाकीचे नऊ मॉनिटर—"

"तुला बोलती करायला. मुलीला विचार. मी तिला म्हटलं होतं, एकदा तुझी आई चिडली की एकेक परत देऊन टाकतो. ओट्यावरच्या वेळी मला वाटलं होतं, आता होणार. तू म्हणालीस मांडीवर चिरेन. मी त्या दिवशी जेवलो नाही."

तेव्हा मग मी ह्यांना नेमाचं सांगितलं. हे ऐकत राहिले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "म्हणजे चित्र आलं तेव्हाच तुझा नेम पुरा झाला होता."

झालाच होता. देवानं दुसऱ्याच महिन्यात काम करून दिलं होतं आणि फाइल बंद केली होती. पुढचे सहा महिने मी जे गोड बोलले, ते कुठल्याच खात्यात जमा नव्हतं.

रडावं की हसावं कळेना, म्हणून मी नकाशाकडे बघितलं. ह्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि मला बसवलं. ही टाकी, हा मोठा पाइप, ही शाळा, हे हॉस्पिटल. ह्यांचं बोट काचेवर फिरत होतं आणि तीन आठवडे 'हं' म्हणणारा माणूस थांबायला तयार नव्हता. खरंच सुंदर होतं. ह्यांनी कळ दाबून घड्याळ पुढं नेलं, तसे ठिपके लाल-निळे होत गेले. पाच वाजले, सहा वाजले, सात वाजले. सातला एक ठिपका लाल झाला, तो नऊपर्यंत लालच.

"हे काय?"

"तो होय," हे जरा खाकरले. "ती आपली गल्ली."

"सकाळी सात ते नऊ बंद?"

"दाब पुरत नव्हता. कुणाची तरी बंद ठेवायलाच लागणार. दुसऱ्यांची ठेवली की तक्रारी येतात."

"मी एकोणीस वर्षं रोज सकाळी तक्रार करत होते. पाच वाजता उठून पिंपं भरत होते. नळाला पाणी यावं म्हणून मी दोनदा साखर—"

"करत होतीस," हे म्हणाले. "पण ती ऑफिसात येत नव्हती."

मी ज्याच्यासाठी देवाला साकडं घालत होते, त्याची कळ एकोणीस वर्षं शेजारच्या उशीवर घोरत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बोलायला इतकं भक्कम, इतकं निर्विवाद कारण आलं होतं. कुठलाही नेम आड नव्हता. मी उभी राहिले, पदर खोचावा तसे दोन्ही हात कमरेवर घेतले, तोंड उघडलं.

नुसती हवा आली. सगळा आवाज मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर संपवून आले होते.

मी दोनदा प्रयत्न केला. हे लगबगीनं उठले, स्वयंपाकघरात गेले आणि नळाखाली पेला भरून घेऊन आले.

"पी," म्हणाले. "ह्या वेळेला आपला उघडा असतो."